हललं कोण

कागद हातात पडला तेव्हा कुंडलिक जमिनीवर पालथा पडून स्कूटरच्या ट्यूबमध्ये हवा भरत होता. अशा चार ट्यूबा होत्या. त्यांच्यावर जाड शहाबादी फरशी, फरशीवर वाळूची पेटी, वाळूत रोवलेले आरसे नि भिंगं, आणि एका टोकाला माढेकर सरांनी मुंबईहून अख्खा प्रवासभर मांडीवर धरून आणलेला लेसर. पट्टेवाल्यानं प्यूनबुक पुढं केलं, कुंडलिकनं कोपरावर टेकून सही दिली आणि तसंच पालथं पडून वाचलं. 'प्रयोगशाळा परिचर श्री. कुंडलिक यांस कळविण्यात येते की, प्रयोग चालू असताना आपण केलेल्या हालचालीमुळे चार फोटोग्राफिक प्लेटा निकामी झाल्या आहेत. तीन दिवसांत लेखी खुलासा करावा. यापुढे प्रयोगाच्या वेळी आपण खोलीबाहेर थांबावे.' खाली माढेकर सरांची लपेटदार सही. ही सही त्यानं नऊ वर्षं पाहिली होती. स्वतःचं नाव तिच्या वर पहिल्यांदा पाहत होता. पंपाची नळी हातातून सुटली होती. हवा फुसफुसत निघून गेली, टेबलाचा तो कोपरा हळूहळू खाली बसला आणि वाळूतला एक आरसा कलंडला. कुंडलिकनं तो उचलला, फडक्यानं पुसला आणि ट्यूब पुन्हा पहिल्यापासून भरायला घेतली.

श्री. लावलं होतं, हे एक त्यातल्या त्यात बरं. एरवी नुसतंच कुंडलिक. आणीबाणीचं दुसरं वर्ष होतं. कॉलेजच्या भिंतीवर 'बोलणे कमी, काम जास्त' असं निळ्या रंगात रंगवलेलं, आणि ज्याला त्याला मेमो मिळत होते. उशिरा आला, मेमो. लवकर गेला, मेमो. पण हलला म्हणून मेमो मिळालेला सोलापुरात, नव्हे अख्ख्या मुलखात, आपण एकटेच असू, असं त्याला वाटलं आणि हसूही आलं.  दुपारी माढेकर सर स्वतःच आले, दारातून म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस रे. वर हिशोब दाखवावा लागतो. दोन ओळी लिहून दे, अनवधानानं हालचाल झाली, क्षमस्व. फाईल बंद. पुढच्या महिन्यात तुझा कायम होण्याचा कागद निघेल, त्याच्या आड काही येणार नाही." सर वाईट नव्हते. वाईट असते तर सोपं होतं. याच माणसानं त्याला शेजारी उभं करून दाखवलं होतं, की लाल किरण दोन वाटांनी जातो, एक वाट सरळ काचेवर, दुसरी वस्तूवर आपटून काचेवर. दोघांची गाठ पडते तिथं काच ती वस्तू ध्यानात ठेवते, आणि मग वस्तू उचलून नेली तरी काचेतून पाहावं तर ती जागच्या जागी दिसते. आणि वस्तू जर बारीक थरथरत असेल, तर जो भाग थरथरतो त्याच्यावर काळे पट्टे उमटतात, जो स्थिर असतो तो उजळ राहतो. लोखंडाचा ताप असा डोळ्यांना दिसतो, असं सर म्हणाले होते. थरथर चालते, धक्का चालत नाही. केसाच्या शंभराव्या हिश्श्याएवढं टेबल सरकलं की काच कोरी. चार वेळा कोरी आली होती, आणि खोलीत माणसं दोनच. सर हलणं शक्य नव्हतं, कारण ते सर होते. "तुम्हा लोकांना एका जागी उभं राहणं जमत नाही बघ," कुंडलिक चौथी काच धूत असताना ते म्हणाले होते, रागानंही नव्हे, सहज, हवापाण्याचं बोलावं तसं.

तुम्हा लोकांना. ते दोन शब्द कुंडलिकनं घरी नेले, जेवताना ताटात घेतले आणि उशाखाली घेऊन झोपला. मेमोपेक्षा ते जड होते. आणि दोन ओळी! दोन ओळी किती सोप्या असतात हे त्याला चांगलं ठाऊक होतं, त्याच्या थोरल्या भावानं, धोंडिरामनं, त्या दिल्या होत्या. धोंडिराम एका कारखान्यात मागांना तेल घालायचा. एका सकाळी चालत्या मागाचं बिडाचं ब्रॅकेट मोडलं आणि तुकडा त्याच्या उजव्या हातावर आला; दोन बोटं गेली. तिसऱ्या दिवशी मालकाचा माणूस दवाखान्यात आला, गोड बोलला, म्हणाला, 'तेलाच्या बुधलीचा धक्का माझ्याच हातून लागला' एवढं लिहिलंय, अंगठा दे, कामावर परत घेतो. धोंडिरामनं डाव्या हाताचा अंगठा दिला, उजवा पट्टीत होता म्हणून. पुढं त्याच कागदावर बोट ठेवून त्याला काढलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर दोर संन्याशाच्याच हातानं वळून घेतलेला. कुंडलिक तेव्हा खाटेच्या पायथ्याशी उभा होता. "दादा, नको दिऊ," एवढंच म्हणायचं होतं, ते तोंडातून फुटलं नाही. आज टेबलावर, वाळूच्या मधोमध, पोलादी ठोकळ्याला आवळून बसवलेलं होतं ते त्याच जातीचं ब्रॅकेट. सरांना थरथर मोजायला वस्तू हवी होती. कुंडलिकनं भंगारातून शोधून आणली, घासूनपुसून पांढरा रंग दिला. का आणली ते सरांना सांगितलं नव्हतं. त्याला फक्त एकदा पाहायचं होतं, ते बीड कुणाचा धक्का न लागता, आपलं आपण, कुठून मोडायला निघतं.

आणि त्याच्या पायांना ठाऊक होतं हलतं कोण ते. काळ्या खोलीत तो अनवाणी जायचा. चपलेची वाळू आत नको म्हणून. सर बुटात असायचे, जाड रबरी तळव्याच्या. प्रयोगाला बुधवार धरला होता, कारण बुधवार मागांच्या वीजकपातीचा वार, कॉलेजला वीज असायची पण मागच्या गल्लीतले माग बंद. एरवी दिवसभर खडखडाट, खिडकीच्या गजांनासुद्धा झिणझिण्या. बुधवारी कानाला कशी शांतता असायची. पण तळपायाला नसायची. दर दोन श्वासांमागं एक हुंदका फरशीतून वर यायचा, धप्, दबका, आवाज नसलेला. पहिल्या खेपेला त्याला वाटलं आपलंच काळीज. दुसऱ्या खेपेनंतर तो भिंतीला वळसा घालून गल्लीत गेला आणि पाहिलं: नागूबाईचं अंगण, जमिनीत पुरलेलं दगडी उखळ, आणि नागूबाई नि तिची सून आळीपाळीनं मुसळ घालत शेंगाचटणी कुटताहेत. रोज नाही, बुधवारीच. कारण इतर वारी मागांचं सुताचं तूस उडतं, अंगणभर पडतं, चटणीत बसतं, आणि गिऱ्हाईक दातात धागा आला की डबा परत आणून देतं. म्हणजे सरांनी जो वार शांत म्हणून धरला, तोच वार नागूबाईनं कुटायला धरला होता. कुंडलिकनं सरांना सांगितलं, एकदा नव्हे, दोनदा. सर हसले होते. "अरे, वाळू आहे, फरशी आहे, चार ट्यूबा आहेत. चटणी कुटून माझं टेबल हलतंय होय! मग पाळण्यातली पोरं झोपतात कशी?" कुंडलिकला म्हणायचं होतं, सर, ट्यूबा बारीक थरथर गिळतात, असा संथ ठोका नाही गिळत, उलट त्याच्या तालावर डोलतात, मी कोपरा दाबून पाहिलाय. पण परिचरानं ट्यूबांबद्दल बोलायचं म्हणजे हवा भरण्यापुरतं.

मेमो आला त्याच संध्याकाळी तो नागूबाईकडे गेला. ती उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. ओळख जुनी होती. अधूनमधून ती त्याला चटणीचा गोळा कागदात गुंडाळून द्यायची, पण द्यायची वरून, हातात टाकून, बोटाला बोट लागू न देता. कुंडलिकला दर वेळी ते टोचायचं आणि दर वेळी चटणी झकास असायची. "मावशी, परवा गिरणीचा तीनचा भोंगा झाला की घटकाभर मुसळ थांबवा की," तो म्हणाला, "चारला कालिजाची घंटा हुईपतुर."

"का? तुज्या मास्तरांची झोपमोड व्हती व्हय?"

"माज्यावर आळ आलाय. मी हललो म्हनं. आन् हलवतंय तुमचं मुसळ." त्यानं जमेल तसं समजावलं, काच, किरण, केसाचा शंभरावा हिस्सा. नागूबाई लसणाची पाकळी तशीच धरून ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "माजं मुसळ पार तुज्या कालिजाच्या टेबलाला लागतंय? लई झालं की." तिला मनातून बरं वाटलेलं दिसलं. मग चेहरा धंद्याचा झाला. "पर येकदा तेल सुटाय लागलं की हात थांबवता येत न्हाय. चटनी बसती."

"तीनच्या आत येक घाना उरका. तासाभरात दुसऱ्याच्या शेंगा भाजा."

"त्ये हुईल." तिनं पाकळी टोपलीत टाकली आणि त्याच्याकडं नीट पाहिलं. "पर येडा का खुळा तू? तुला भाईर काडलंय. मी थांबले, काच ब्येस आली, तर मास्तर काय म्हनंल? बगा, ह्यो भाईर हुता म्हनून आली. आपल्या हातानं गळ्यात बांदून घेतुयास. त्यापरास कुटू दे मला. तू फाटकाशी बस. बोंबलू दे त्याची काच. आपसूक कळंल, हलतंय कोन."

हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. नऊ वर्षं शास्त्राच्या माणसांत काढून आलं नव्हतं ते चटणीवालीच्या एका फटक्यात आलं. तो पायरीवर बसला. खरंच की. नुसतं बसायचं. काहीच करायचं नाही. शेवटची काच होती. पुढची परदेशातून यायला आठ महिने. ती कोरी येईल, सर एकटेच आत असतील, आणि मेमो आपोआप खोटा पडेल. किती गोड होतं ते! त्यानं मनातल्या मनात सरांचा कोऱ्या काचेपुढचा चेहरा पाहून घेतला, दोनदा पाहिला, आणि मग त्या काचेत जे दिसणार नव्हतं तेही त्याला दिसलं. ब्रॅकेट दिसणार नव्हतं. बिडाचा कबुलीजबाब आठ महिने लांबला असता, की कायमचाच. सर तोवर दुसऱ्या कशाच्या मागं लागले असते. धोंडिराम पानटपरीवर बसून डाव्या हातानं चुना लावत राहिला असता, आणि जन्मभर म्हणत राहिला असता, माझाच धक्का लागला असंल बाबा. हल्ली तो तसं खरंच म्हणायचा. कागदावर लिहिलेलं त्याला आता आठवायलाही लागलं होतं.

"न्हाय मावशी," कुंडलिक उठत म्हणाला. "तुमी थांबाच. मी भाईर बसत न्हाय. आत उबा ऱ्हातो. काच ब्येस यील ती माज्या समोर यील."

"उकळात डोकं घालतुयास."

"घातलंय. आता मुसळाला काय भ्यायचं?"

"मुसळ तर माज्या हातात हाय की रं!" नागूबाई हसली, आणि हसता हसता हो म्हणाली.

बुधवारी अकरा वाजता त्यानं खुलासा आवक खिडकीत दिला, शिक्का मारून नक्कल घेतली. तीन ओळी होत्या. 'मी हललो नाही. जमीन हलते. आज मी आत असेन आणि जमीन हलणार नाही.' कारकुनानं दोनदा वाचून कपाळाला हात लावला होता. पावणेतीनला माढेकर सर काळा पडदा सारून आत आले तेव्हा कुंडलिक आपल्या जागेवर, कोपऱ्यात, अनवाणी उभा होता. "बाहेर," सर म्हणाले. मग, जरा खालच्या पट्टीत, "मेमो वाचलास ना?"

"वाचला, सर. हा खुलासा." त्यानं नक्कल टेबलाच्या कडेला ठेवली. तिच्यावर दुसरा कागद ठेवला. "आन् हा राजीनामा. सही केलीय. काच खराब आली तर तारीख तुम्ही घाला."

सरांनी दोन्ही कागद हिरव्या दिव्याजवळ नेऊन वाचले. त्यांचे कान तापलेले दिसत होते. "हा उद्धटपणा आहे, कुंडलिक. दिवस कसले आहेत कळतंय का? आणि शेवटची प्लेट आहे ही. खेळ नाही."

"म्हणूनच आत थांबतो," तो म्हणाला. त्याचा आवाज कापला. कापला तो कापला, पाय कापले नाहीत.  सरांना त्याला हाताला धरून बाहेर काढता आलं असतं, शिपाई बोलावता आला असता. पण राजीनाम्याचा कागद त्यांच्या हातात होता आणि माणूस असा कागद काय म्हणून देतो, हा प्रश्न त्यांच्यातल्या मास्तरला चावला असावा. त्यांनी कागद खिशात घातले, प्लेट चौकटीत बसवली, ब्रॅकेटला बारीक थरथर देणाऱ्या यंत्राची गुणगुण सुरू केली आणि दिवा मालवला.

भोंगा झाला. कुंडलिकनं श्वास सोडला आणि तळपाय फरशीवर सपाट पसरले. धप्. भोंग्यानंतरही धप्. विसरली म्हातारी, की सुनेला सांगितलंच नाही, की तिच्याही मनात आलं, याच्यासाठी आपण का म्हणून हात आवरायचा, ज्याच्या बोटाला बोट लावत नाही त्याच्यासाठी. धप्. काखेतून घाम निघाला तो बरगडीवरून रांगत खाली चालला. मग पुढचा ठोका आला नाही. त्याच्याही पुढचा आला नाही. जमीन खालपर्यंत, अगदी खालपर्यंत, गप्प झाली, आणि अशी गप्प जमीन त्याच्या पायांनी फार दिवसांनी अनुभवली. वाळू निवळेपर्यंत पंधरा मिनिटं थांबायचं होतं. अंधारात लेसरचा एक लाल ठिपका तेवढा जळत होता. उभं राहणं जमत नाही म्हणे. गावी, करकंबला, तो सहा वर्षांचा असताना, आई त्याला विहिरीवर न्यायची. आपण काढायचं नाही. कुणीतरी येईल, त्याला दया येईल, तो वरून ओतेल. तोवर उभं. हललं की सावली हलते, सावली कुणाच्या घागरीवर पडते, पडली की शिव्या, कधी दगड. आई म्हणायची, "हलू नगंस. झाड हो." उन्हात, रिकामी घागर पायाशी, नाकावर माशी बसली तरी तो हलायचा नाही. तासतासभर. आईही हलायची नाही. आजीनं तिला शिकवलं असणार, आणि आजीला तिच्या आईनं. एवढ्या पिढ्यांची तालीम, आणि हा शहाणा पुण्यामुंबईचं शिकून येतो आणि आम्हाला सांगतो उभं राहणं जमत नाही! राग त्याच्या पोटातून उठला, छातीत आला, आणि गंमत म्हणजे त्या रागानं अंग हललं नाही, उलट घट्ट बसलं. तेव्हा भीतीनं उभा होतो. आज कुणी उभं केलेलं नाही. आज मी माझ्या पायांनी उभा आहे आणि मला इथून काढून दाखवा. कानाशी डास गाऊ लागला, गालावर टेकला, सोंड खुपसली. पी, लेका, पोटभर पी. अंधारात स्टुल करकरलं. सर बूड सरकवत होते. "आता," सर पुटपुटले आणि काळा पुठ्ठा उचलला. चाळीस मोजायचे होते. कुंडलिकनं श्वास अडवला आणि मनात मोजताना आकड्यांऐवजी आईच्याच आवाजात ऐकलं, झाड हो, झाड हो, चाळीस वेळा. पुठ्ठा खाली आला.

प्लेट धुण्याचं काम त्याचंच होतं, पण आज सरांनी ते स्वतः केलं. पंख्यासमोर वाळवली, चौकटीत परत बसवली, टेबलावरचं ब्रॅकेट ठोकळ्यासकट उचलून बाजूला ठेवलं आणि किरण सोडला. जिथं आता काहीच नव्हतं तिथं ब्रॅकेट उभं होतं, लाल, दाणेदार, हात लावावा इतकं खरं. त्याच्या मानेवरून काळे पट्टे एकामागं एक उतरत होते, नऊवारीच्या काठासारखे स्वच्छ. आणि खाली, जो पाय बोल्टनं आवळलेला, जो ठार स्थिर म्हणून नुसता उजळ दिसायला हवा, त्याच्या बगलेत दोन काळ्या रेषा घुसल्या होत्या. तिथं बीड आतून सैल होतं. कुणाची बुधली नको, कुणाचा धक्का नको. ते आपलं आपण तिथूनच जायचं होतं. कुंडलिकचे डोळे भरून आले आणि त्यानं ते पुसले नाहीत. दादा, तुझा हात नव्हता रे, तो मनात म्हणाला, आता कागदच आणतो तुझ्याकडं.

"वा!" माढेकर सर काचेला नाक लावून म्हणाले. "वा, वा!" ते पोरासारखे खुशीत आले होते. वळून त्यांनी कुंडलिकच्या खांद्यावर थाप मारली. "बघ! आज मनावर घेतलंस तर जमलं की नाही उभं राहणं? मेमोचा उपयोग होतो तो असा." त्यांनी खिशातून राजीनामा काढला आणि मोठ्या मनानं, त्याला दिसेल असा, टरकावला.

म्हणजे एवढं होऊनही तोच हललेला. काच कोरी आली तरी तो, काच बोलली तरी तो.  बाहेर चारची घंटा झाली. कुंडलिक वाट पाहत राहिला. एक श्वास, दोन श्वास. धप्. काचेतलं लाल ब्रॅकेट किंचित लकाकलं, थांबलं. परत धप्, परत लकाकलं. सर चमकून लेसरकडं पाहू लागले.

"बूट काढा, सर," कुंडलिक म्हणाला.

"काय?"

"बूट काढा. मोजेपण. पाय फरशीला लावा."

असं त्या कॉलेजात कुणी कुणाला म्हटलं नव्हतं. सरांचं तोंड उघडलं, ते रागाचं काही बोलणार होते, तेवढ्यात धप्, आणि ब्रॅकेट त्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा हललं. ते स्टुलावर बसले. वाकून त्यांनी नाडी सोडली, एका पायाची, गाठ बसलेली म्हणून वेळ लागला. बूट काढला, मोजा काढला. पांढरं, कधी ऊन न लागलेलं पाऊल त्यांनी कुंडलिकच्या पावलाशेजारी फरशीवर टेकवलं. मग त्या खोलीत दोन माणसं जमिनीकडं पाहत राहिली. सरांचे ओठ हलत होते. ते ठोके मोजत होते.

"दर बुधवारी?" त्यांनी वर न पाहता विचारलं.

"दर बुधवारी. दोनदा सांगितलं होतं."

सरांनी मान हलवली. मग हळूच म्हणाले, "ठीक आहे. तो मेमो तू विसरून जा. मी प्राचार्यांना तोंडी सांगतो."

कुंडलिकनं कपाटातून कोरा कागद काढला, दौतीजवळचं पेन उचललं आणि दोन्ही सरांच्या मांडीवर ठेवलं. "तोंडी नको, सर. मेमो कागदावर आला होता," तो म्हणाला. "दोनच ओळी लिहा. हललं कोण ते लिहा, आणि खाली सही करा."

 एका पायात बूट, एक पाय अनवाणी, असे सर टेबलाच्या कडेशी सरकले आणि लिहू लागले. कुंडलिक शेजारीच उभा होता. दोन ओळींच्या तीन झाल्या, तो घाई न करता वाचत होता.